सत्तेचाळीस चिंचोके जादा

१

लाखांदूरच्या त्या शाळेत चोरी झाली नव्हती. काही नाहीसं झालं असतं तर पुढे काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुलूप बघायचं, शिपायावर डोळे वटारायचे आणि पोलिसांत जावं की नाही यावर चहा मागवायचा. इथे काहीतरी वाढलं होतं, आणि वाढलेल्या वस्तूची तक्रार कुठे करतात हे कोणालाच माहीत नव्हतं.

डिसेंबरात शाळेनं गणिताचं प्रदर्शन भरवलं होतं आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. माझं नाव कामिनी. साकोलीच्या कॉलेजात गणित शिकवण्यात जन्म गेला, आता एकोडीला घरी असते. शाळांच्या प्रदर्शनांना मी जाते ती नाही म्हणता येत नाही म्हणून. थर्माकोलचे त्रिकोण पाहून पाहून माझे डोळे मिटायला लागले होते, तेवढ्यात मैदानातल्या एका ताडपत्रीनं मला जागं केलं.

ताडपत्रीवर चिंचोक्यांचा ढीग होता. मागच्या फलकावर एकच संख्या होती: ४७८३. ना रंग, ना झालर. शेजारी प्रतिक्षा उभी होती. ही इथली कंत्राटी शिक्षिका, दहावीला गणित शिकवणारी, वय तिशीच्या आतलं.

"बारा चिंचोके घ्या," ती पोरांना सांगत होती. "चार-चारच्या तीन रांगा होतात. पूर्ण भरलेल्या. आता तेरा घ्या. दोन रांगा करा, तीन करा, काहीही करा, शेवटची रांग अपुरी राहणार. तेराची फक्त एकच लांबलचक रांग होते. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. ही ४७८३ सुद्धा तसलीच आहे."

एवढ्यावर थांबली असती तर मला ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण समोर पोरं, खुर्चीत भंडाऱ्याहून आलेल्या अधिकारी बाई, आणि हातात माईक. माईकनं भल्याभल्यांचं वाटोळं केलंय.

"ज्याला कोणाला हे चिंचोके भरलेल्या रांगांत बसवता येतील त्यानं बसवावेत," ती म्हणाली. "बसले, तर मी दहावीचं गणित सोडून देईन!"

पाहुण्यांच्या रांगेतून शाळा समितीचे अध्यक्ष ताराचंदजी उठले. आंबागडच्या बाजूला तेंदूपत्त्याच्या फडावर त्यांनी वर्षानुवर्षं मुनशी म्हणून काम केलं होतं. म्हणजे मजूर पानांचे पुडे बांधून आणतात ते मोजून घ्यायचं काम.

"मी लावून पाहू काय जी?"

त्यांनी पोरांना कामाला लावलं. एका रांगेत सत्तर. पोरं उकिडवी बसून चिंचोके मांडू लागली. आधी हसत होती, मग ईर्षेनं मांडू लागली, आणि ढीग ओसरत आला तसं मैदान गप्प झालं. एकोणसत्तरावी रांग टोकापर्यंत भरली. ताराचंदजींनी ताडपत्री झटकली, खाली वाकून पाहिलं, आणि थोडं ओशाळूनच म्हणाले, "नाई जी. एकबी उरला नाई."

एकोणसत्तर गुणिले सत्तर. ४८३०. मी तोंडी गुणाकार केला आणि उत्तर मला मुळीच आवडलं नाही.

मुख्याध्यापक श्यामराव माईकशी आले. त्यांना निर्णय घ्यायला एरवी महिना लागतो, आज मिनिटही लागलं नाही. "मॅडमनी शब्द दिला आहे. सोमवारपासून दहावीचं गणित भुपेंद्र सर घेतील."

हे ऐकून पोरं हसली, मोठी माणसं हसली नाहीत. ज्या कंत्राटी बाईकडून दहावी काढून घेतात, तिचं कंत्राट उन्हाळ्यात पुढे सरकत नाही. हे शाळेतल्या पाण्याच्या टाकीलाही माहीत होतं.

प्रतिक्षा माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. "मॅडम, ४७८३ मूळच आहे ना?"

"आहे."

"मग असं कसं झालं?"

"ढिगात ४७८३ चिंचोके नव्हते," मी म्हटलं. "कोणीतरी सत्तेचाळीस वाढवलेत."

२

श्यामरावांकडून मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यांनी दिली, कारण परीक्षकाच्या अहवालावर त्यांना माझी सही हवी होती.

पहिला बोलावला तो शिपाई इश्वर. त्यानं हात जोडूनच सुरुवात केली. "मी कायले टाकू जी चिंचोके? माह्या घरी कोनी खातबी नाई."

"तू टाकलेस असं मी म्हणत नाही. पोतं आलं तेव्हापासून सांग."

"मॅडम घरून पोतं घेऊन आल्या. आत पुरचुंड्या होत्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या. गणिताच्या खोलीत आमी दोघं सोडत बसलो. गाठी अशा पक्क्या का नखं दुखले. मंग सारे एका गंजात ओतलो, खोलीले कुलूप लावलो, अना चाबी भुपेंद्र सरले देल्लो. प्रदर्शनाचे थेच प्रमुख होते ना."

"आणि सकाळी?"

"गंज तसाच उचलून आनलो. मधी कोनी हात लावला नाई." तो घुटमळला. "म्हंजे माह्यासमोर नाई."

दुसरे ताराचंदजी. माझा खरा संशय त्यांच्यावरच होता. माणूस कोरा ढीग बघतो आणि पहिल्याच दमात सत्तरच्या रांगा लावतो? दहा नाही, वीस नाही, पन्नास नाही? ढिगात किती आहेत हे आधी ठाऊक असल्याशिवाय असा नेम लागत नाही. मी तसं तोंडावर विचारलं.

त्यांना राग आला नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मॅडम, तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पानं. माही सारी हयात सत्तर-सत्तरच मोजन्यात गेली. आता बाजारात मिरच्या निवडतो तरी हात सत्तरवर थांबते. बायको हासते मले." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरगी हुशार हाये. रांग भरत आली तवा मलेच कसंतरी वाटलं. वाटे का आता एक तरी कमी पडावा."

हे खोटं बोलणाऱ्याचं बोलणं नव्हतं. शिवाय ४८३० ही संख्याच लोचट आहे. दोन, तीन, पाच, सात, तेवीस यांचा तो गुणाकार. ती चौदाच्या रांगांत बसते, एकवीसच्या बसते, तीसच्या बसते, बेचाळीसच्याही बसते. ताराचंदजींनी सत्तर धरले नसते तर दुसरं कोणी पंधरा धरून जिंकलं असतं.

पण मग दुसराच विचार मनात आला. कोणत्याही हाकेला ओ देणारी ही संख्या योगायोगानं कशी आली? जणू कोणी मुद्दाम निवडून काढली होती. असं निवडायला गणित यावं लागतं, आणि शाळेत गणित येणारी माणसं दोनच. एक प्रतिक्षा.

मी उठत होते तेव्हा इश्वर पुन्हा दारात दिसला. त्याला काहीतरी ओकायचं होतं.

"मॅडम, कुलूप लावल्यावर भुपेंद्र सर खोलीत गेल्ते. एकटेच. आतून कडी लावून."

३

भुपेंद्र सर विज्ञान शिकवत आणि गणित शिकवायला मिळावं म्हणून जीव टाकत. कपडे इस्त्रीचे, बोलणं मोजकं. खोलीत गेल्याचं त्यांनी साफ नाकारलं.

मी वाद घातला नाही. त्यांना घेऊन गणिताच्या खोलीत गेले आणि फळ्यासमोर उभी राहिले. फळा पुसलेला होता, पण कोरड्या डस्टरनं. खडूची भुकटी पसरली होती आणि तिच्याखाली भागाकार दिसत होते. ४७८३ ला सातनं, अकरानं, तेरानं. एकाखाली एक, नीट उतरत गेलेले. शेवटचा भागाकार सदुसष्टचा. एकाहत्तर वेळा सदुसष्ट म्हणजे ४७५७, बाकी सव्वीस. तिथे सगळं थांबलं होतं.

"सदुसष्टवर का थांबलात?" मी विचारलं.

भुपेंद्र सरांनी डस्टर उचललं.

"कारण पुढची मूळ संख्या एकाहत्तर, आणि एकाहत्तरचा वर्ग ५०४१. तो ४७८३ च्या पुढे जातो. म्हणजे तिथून पुढे तपासायची गरजच नाही. एखादी संख्या मोडणारच असेल, तर तिचा एक तरी तुकडा वर्गमुळाच्या आत सापडतो. हे पोरांना कळत नाही. इश्वरला कळत नाही. प्रतिक्षाला ते आधीच ठाऊक होतं, आणि खोलीची किल्ली तुमच्याकडे होती. उरलं कोण?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "मी फक्त तपासत होतो."

"काय निघालं?"

"मूळ."

"म्हणजे काल ताराचंदजींची शेवटची रांग भरली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, की संख्या बरोबर आहे आणि ढीगच चुकलाय. मैदानात ते ठाऊक असलेले तुम्ही आणि मी दोघेच. मी परीक्षक होते, मोजून घेतल्याशिवाय बोलता येत नव्हतं. तुम्ही का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं नाही."

मला संताप आला. वर्गात अशा उत्तराला मी पोरांना बाहेर काढत असे. पण संताप हा पुरावा नव्हे, आणि या माणसाविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावाच त्याला सोडवत होता.

"श्यामरावांना वाटतं चिंचोके तुम्ही टाकलेत," मी म्हटलं. खरं तर श्यामरावांना काहीच वाटत नव्हतं. "मला वाटत नाही. तुम्हाला तिला पाडायचं असतं तर एक चिंचोका पुरला असता. ४७८३ विषम आहे. एक टाकला की ती सम होते आणि दोन सारख्या रांगांत बसते. खेळ खलास. गणित येणारा माणूस आळशी असतो, सर. तो सत्तेचाळीस मोजत बसणार नाही."

भुपेंद्र सरांनी मोठा श्वास सोडला.

"सुटलात असं समजू नका," मी सांगितलं. "गप्प बसण्याचा हिशेब सोमवारी."

पण बाहेर येताना माझ्याच वाक्याचा काटा मला टोचत होता. एक पुरत असताना ज्यानं सत्तेचाळीस टाकले, त्याला ती संख्या मोडायचीच नव्हती. मग त्याला करायचं काय होतं?

४

प्रतिक्षा शाळेमागच्या ओट्यावर वह्या तपासत बसली होती. सोमवारनंतर त्या तिच्या राहणार नव्हत्या, तरी तपासत होती.

"चिंचोके तू स्वतः मोजलेस?"

"घरी मोजले."

"कुठे मोजले ते मी नाही विचारलं."

तिनं पेनाचं टोपण लावलं. "बाबांनी मोजले. माझ्याकडे सहामाहीच्या पेपरांचा ढीग होता. बाबाच म्हणाले, तू पेपर पाय, मी मोजतो." मग घाईनं म्हणाली, "मॅडम, बाबांचा हात चुकत नाही. आम्ही ढिवर. तलावात सोडायची बोटभर मासोळी, बोटुकली, ती बाबा हजारांनी मोजतात. पाण्यात हलणारी मासोळी ज्याला मोजता येते, त्याला चिंचोके काय जड?"

"पण तू पडताळलं असशीलच."

"पुरचुंड्या मोजल्या ना. शंभराच्या सत्तेचाळीस, आणि एक त्र्याऐंशीची."

तिनं ते सहज म्हटलं आणि पुढची वही उघडली. शंभराच्या सत्तेचाळीस. जादा चिंचोके सत्तेचाळीस.

"तुझे बाबा आत्ता कुठे भेटतील?" मी विचारलं.

५

मुरारी एसटी स्टँडबाहेर शिंगाडे विकत बसला होता. तलावातले हिरवे शिंगाडे आणि उकडून काळे केलेले, दोन टोपल्या. माणूस वाळलेला, पण बोटं लांब आणि चपळ. मी कोण हे मी सांगितलं नाही.

"शंभर शिंगाडे मोजून द्या."

"मोजून? किलोनं घ्या ना बाई."

"मोजूनच हवेत."

त्यानं नवलानं पाहिलं, पण लगेच मोजायला लागला. पाच-पाचच्या मुठी. ओठ हलत नव्हते. शंभर झाल्यावर हात थांबला नाही. तो परत टोपलीत गेला, एक शिंगाडा उचलून पिशवीत टाकला, आणि मग थांबला.

"एक जास्त आला," मी म्हटलं.

"नाई बाई. शंभरच हायेत."

"मी पाहिले. एकशे एक आहेत."

"हो. म्हंजे शंभरच ना." माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली असावी, कारण तो समजावून सांगू लागला. "बोटुकली नेतात ना जी, गाडीत, डब्यात. रस्त्यानं शंभरात एक तरी मरतेच. घेनाऱ्याच्या बोडीत, म्हंजे लहान तळ्यात, शंभर जित्ती पोचले पायजे. मंग शंभर मोजाचे अना वर एक मरतुकीचा टाकाचा. माहा बाप असाच मोजे. त्याच्यापेक्षा कमी देल्ला तर थो शंभर नाई, थे लबाडी झाली."

"चिंचोकेही असेच मोजले?"

"अना कसे मोजू?"

सत्तेचाळीस पुरचुंड्या, प्रत्येकीत एकशे एक. ४७४७. त्र्याऐंशीला शंभर भरले नाहीत, म्हणून त्यांच्यावर मरतुकीचा पडला नाही. ४७४७ आणि ८३ मिळून ४८३०. कोणी काही निवडलं नव्हतं, कोणी काही मोडलं नव्हतं. बापानं पोरीच्या मालात खोट येऊ नये म्हणून मेलेल्या मासोळीची भरपाई चिंचोक्यांत केली होती.

मुरारीचा हात पिशवीच्या तोंडाशी थांबला. "बाई, तुमी चिंचोक्याचं काहून विचारून राहिल्या?"

मी उत्तर दिलं नाही. पण माझ्या चेहऱ्याला खोटं जमत नाही, अशी तक्रार माझ्या घरचेही करतात. मुरारीनं ती पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलंच नाही.

६

प्रतिक्षाला सांगितलं तेव्हा तिनं बोटांवर एकदा हिशेब करून पाहिला. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"मला कसं सुचलं नाही? लहानपणापासून बघते मी. पण ते मासोळीचं मोजणं. चिंचोक्याला कुठे मरण येतं, मॅडम?"

"सोमवारी मी हे सगळं मांडते. संख्या तुझी खरी आहे. दहावी तुझीच राहील."

"नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाबांचं नाव नको," ती म्हणाली. "ते कधी आमच्या शाळेच्या फाटकाच्या आत आले नाहीत. मी कितीदा बोलावलं, म्हणतात, आमच्या अंगाले मासोळीचा वास येते, पोट्टे तुले चिडवतील. आणि पहिल्यांदा त्यांचं नाव शाळेत घ्यायचं ते यासाठी? हिच्या बापाला शंभर मोजता येत नाहीत म्हणून? मी सांगेन, मोजणी माझी चुकली."

"मग दहावी गेली. आणि उन्हाळ्यात नोकरीही."

"जाऊ दे."

मी तिला मूर्ख म्हटलं. तोंडावर म्हटलं, आणि ते शब्द मी अजूनही मागे घेतलेले नाहीत. पण बसमध्ये शिंगाड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले तेव्हा माझ्याच्यानं एकही शिंगाडा सोलवला नाही.

७

सोमवारी श्यामरावांच्या खोलीत सगळे जमले. ताराचंदजी, भुपेंद्र सर, प्रतिक्षा, मी, आणि दारापाशी इश्वर. श्यामरावांनी नवं वेळापत्रक टेबलावर ठेवलं होतं.

"कामिनी मॅडम, काही सापडलं?"

मी प्रतिक्षाकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"सर, संख्या बरोबर होती. मोजणी माझी..."

"तिनं मोजलंच नाई जी."

मुरारी दारात उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, केस पाण्यानं चापून बसवलेले, चपला बाहेर काढलेल्या. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. स्टँडवर मी जे बोलले नाही ते त्यानं दोन दिवसांत एकट्यानं जुळवलं होतं.

"मी मोजलो," तो म्हणाला. "शंभरावर एक मरतुकीचा टाकलो. सवय हाये. ह्या पोरीचा दोष नाई. तिचं जे काई हाये थे तिले द्या."

खोलीत कोणीतरी फसकन हसलं. भुपेंद्र सर असावेत. ताराचंदजी गर्रकन वळले. "हासाची गोष्ट नाई ही. ज्यानं जास्त देल्लं त्याले हासता?"

मग मी उठले आणि हिशेब मांडला. एकशे एक गुणिले सत्तेचाळीस, अधिक त्र्याऐंशी. "ढीग चुकला, मुलगी चुकली नाही," मी म्हटलं. "आणि हे या खोलीत आधीपासून ठाऊक असलेला एक माणूस आहे. सर, आता तुम्हाला विचारतेय. ४७८३ कशी संख्या आहे?"

भुपेंद्र सरांनी श्यामरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मूळ आहे. मी प्रदर्शनाच्या आधीच तपासली होती."

"आधी?" श्यामराव म्हणाले. त्यांना दोन गोष्टी एकदम समजायला वेळ लागतो, पण या समजल्या. त्यांनी वेळापत्रक उचललं, दहावीच्या रकान्यातलं नाव खोडलं आणि प्रतिक्षाचं परत लिहिलं. भुपेंद्र सरांना ते काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं.

मुरारी अजून दारातच होता. आत यावं की जावं हे त्याला कळत नव्हतं.

"माह्या हातानं तुही इज्जत गेली असती, बाई," तो पोरीला म्हणाला. "साऱ्या गावासमोर."

प्रतिक्षा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. शाळेतली भाषा तिनं तिथेच सोडली.

"तुमी एक कमी मोजले असते ना बाबा, तर गेली असती."

इश्वरनं बाहेर जाऊन तासाची घंटा दिली. ती दहावीच्या वर्गाकडे निघाली, आणि मुरारी चपला हातात घेऊन तिच्या मागोमाग व्हरांड्यातून चालत गेला.